ब्रिस्टलची जुनी आगबोट आणि तिच्यावरचा डॉक्टर: एका रिटायर्ड सिस्टरचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी हे कुठल्या नजरेने लिहिते आहे ते कळेल. मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत सिस्टर होते. घर रत्नागिरीला. सर्जिकल वॉर्ड, लेबर रूम, साथरोगाचा वॉर्ड, सगळीकडे ड्युट्या झाल्या. लेक इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला नर्स आहे, तिच्याकडे तीन महिने राहायला आले. पहिल्याच रविवारी जावई म्हणाले, "आई, बोट बघायला जाऊ." मी म्हटलं, नको हो, मला बोट लागते. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला बोटीने यायचो तेव्हा आईच्या मांडीवर डोकं आणि तोंडाशी डबा अशी माझी अख्खी रात्र जायची. जावई हसले. "ही हलत नाही. १९७० पासून गोदीत उभी आहे."

तर एसएस ग्रेट ब्रिटन. ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरने बांधली, १८४३ च्या जुलैमध्ये ब्रिस्टलमध्येच पाण्यात सोडली. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याच्या दहा वर्षं आधी. लांबी ३२२ फूट, सगळी लोखंडाची, आणि बाजूला चाकं नाहीत, मागे पंखा. असलं धूड अटलांटिक ओलांडून जाईल यावर तेव्हा बऱ्याच जणांचा विश्वास नव्हता. १८४५ मध्ये ती न्यूयॉर्कला जाऊन आली. पुढे १८५२ पासून वीसहून जास्त वर्षं तिने लिव्हरपूल ते मेलबर्न माणसं नेली. साधारण दोन महिन्यांचा प्रवास, सहा-सातशे प्रवासी. आणि आपला संबंध म्हणाल तर १८५७ मध्ये उठाव झाला तेव्हा इंग्रजांचे घोडदळातले शिपाई भरून हीच बोट मुंबईला आली होती. हे वाचलं तेव्हा मी जरा थबकले. नातवाला म्हटलं, ही बोट तुझ्या आधी मुंबईला जाऊन आली आहे रे.

आत शिरल्यावर आधी खाली नेतात, बोटीच्या पोटाखाली. वर काचेचं छत, त्यावर पातळ पाणी खेळवलेलं, त्यामुळे बोट पाण्यात असल्यासारखी वाटते आणि आपण समुद्राच्या तळाशी. नातू खूश. मी मात्र लोखंड बघत होते. गंजून चाळण झालेलं. ते आणखी गंजू नये म्हणून खालची हवा यंत्रांनी सुकवतात, २० टक्के आर्द्रतेपर्यंत. ज्या बाईच्या घरात श्रावणात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिला हे ऐकून काय वाटलं असेल! माझे ओठ दहा मिनिटांत सुकले. पण तत्त्व पटलं. आम्हीही आयुष्यभर हेच करत आलो, जखम कोरडी ठेवा.

एका बाजूला बोटीला मोठी चीर आहे. फॉकलंड बेटांवर ती पन्नासेक वर्षं गोदाम म्हणून वापरली, मग १९३७ मध्ये उथळ पाण्यात बुडवून सोडून दिली. १९७० मध्ये तरंगत्या तराफ्यावर चढवून हजारो मैल ओढत इथे आणली तेव्हा त्या चिरेत काय कोंबलं होतं माहीत आहे? गाद्या. बेटावरच्या लोकांकडून गोळा केलेल्या जुन्या गाद्या. मी लेकीला म्हटलं, बघ, पॅकिंग केलंय. ती पण नर्सच, लगेच कळलं तिला. जावयांना समजावून सांगावं लागलं की वाहत्या जखमेत आम्ही गॉजचा बोळा भरतो ते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. वर बोटीवर डॉक्टरची खोली आहे.

खोली म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या ड्रेसिंग रूमच्या निम्मी. टेबल, बाटल्या, अवजारं. बाकीचे बघायला आलेले लोक "आई गं" म्हणून पुढे सरकत होते, मी तिथे पंचवीस मिनिटं उभी. नातवाने दोनदा येऊन ओढलं. मी शोधत होते की हात कुठे धुवायचे. सवय आहे, कुठल्याही दवाखान्यात शिरले की माझी नजर आधी बेसिनकडे जाते. मग लक्षात आलं, अगं बाई, ही वर्षं कुठली? लिस्टर नावाच्या इंग्लिश सर्जनने जखमेतले जंतू मारायला कार्बोलिक वापरायचं लिहिलं ते १८६७ मध्ये. त्याआधीचा डॉक्टर हात धुवायचा तो काम झाल्यावर, रक्त निघावं म्हणून. गुंगी द्यायला मात्र तोवर क्लोरोफॉर्म आला होता, १८४७ पासून. म्हणजे खलाशाचा हात दोरखंडात चिरडला तर तो कापताना त्याला कळत नसे, पण चार दिवसांनी पू झाला की कळायचंच.

थर्मामीटरचंही तेच. आपण काखेत लावतो तो छोटा थर्मामीटर १८६० च्या दशकात ऑलबट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने काढला. त्याआधीचे फूटभर लांब आणि ताप दाखवायला वीस मिनिटं घेणारे. त्यामुळे या खोलीतला माणूस ताप बघायचा तो हाताने, कपाळाला उलटा तळवा लावून. आमची आजी बघायची तसाच. सॅम्युअल आर्चर नावाचा एक सर्जन या बोटीवर होता. डॉक्टर तसा शिकलेला, पण त्याच्याजवळ होतं काय हे बघितलं की त्या माणसाबद्दल रागही येत नाही आणि आदरही जरा थांबून येतो.

खरा धक्का मला कायद्याने दिला. १८५५ चा इंग्रजांचा प्रवासी कायदा. बोटीवर एकूण तीनशेपेक्षा जास्त माणसं असली की कायद्याने मान्य असलेला डॉक्टर हवाच. आणि पन्नास प्रवाशांमागे किमान १८ चौरस फूट जागा दवाखान्यासाठी वेगळी काढायची. ऐकायला बरं वाटतं ना? मी बोटांवर हिशोब केला. सहा बाय तीन, म्हणजे एक खाट. फक्त खाट, शेजारी उभं राहायलाही जागा नाही. सातशे प्रवाशांना चौदा खाटा, त्याही एकमेकींना चिकटवून. मी तीस खाटांच्या वॉर्डात पंचावन्न पेशंट सांभाळलेत, दोन खाटांच्या मधे खाली गादी टाकून, त्यामुळे नाक मुरडायचा मला हक्क नाही. पण आमच्याकडे खिडक्या होत्या.

तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगते. येताना विमानात चारेक तास झाले असतील, घोषणा झाली की कोणी डॉक्टर आहेत का. तीनशेच्या आसपास माणसं असतील. कोणी उठेना. लाइट मंद, निम्मे झोपलेले. शेवटी मीच उठले. मागच्या रांगेत एक आजोबा, घामाने चिंब, बोलणं अडखळतंय, शेजारी आजी रडतायत. "डायबेटीस आहे का? जेवले का?" इन्सुलिन घेतलं होतं आणि जेवण आवडलं नाही म्हणून ताट परत केलं होतं. संत्र्याचा रस पाजला, साखरेच्या पुड्या दिल्या, पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर. विमानातल्या एअरहोस्टेस पोरींनी मला धन्यवाद देऊन चॉकलेटं दिली. आता बघा, १८५५ मध्ये तीनशेच्या वर माणसं असली की डॉक्टर कायद्याने हवा होता आणि आज विमानात तो नशिबाने. दोन महिने आणि नऊ तास यात फरक आहे हे मलाही कळतं. पण आजोबांची साखर उतरायला अर्धा तास पुरला होता.

डॉक्टरच्या खोलीतून पुढे पहिल्या वर्गाची जेवणाची मोठी खोली लागते, खांब, सोनेरी नक्षी, लांब टेबलं. छान आहे. मी दोन मिनिटांत बाहेर.

मग तिसऱ्या वर्गाच्या बर्थ. इथे थांबा. फळ्यांच्या खणात माणसं, वरखाली, एकाची कूस दुसऱ्याच्या नाकाशी. अंधारलेलं. कुणीतरी खोकतंय, कुठे मूल रडतंय असे आवाज सोडले आहेत. आणि वास. हो, या बोटीवर वास सोडतात. स्वयंपाकघराजवळ पावाचा, आणि एके ठिकाणी चक्क ओकारीचा. आमच्या पुढची इंग्लिश बाई नाकाला रुमाल लावून पळाली. मी थांबून नीट वास घेतला. नव्वद टक्के जमलाय. खऱ्या वॉर्डात त्याच्याखाली फिनाइलचा थर असतो, तो नाही. वादळात वरची झाकणं बंद करत, मग खाली ना हवा ना उजेड, आणि शेकडो माणसांना एकदम बोट लागलेली. मला भाऊचा धक्का आठवला. आमची ती एकच रात्र असायची आणि सकाळी समोर रत्नागिरीचा दीपस्तंभ दिसायचा. इथे साठ रात्री.

अशा जागी गोवर शिरला तर? मी साथरोग वॉर्डात होते म्हणून सांगते. गोवर झालेल्या मुलाच्या अंगावर पुरळ यायला संसर्गापासून दोनेक आठवडे लागतात. म्हणजे लिव्हरपूलला चढताना पोर खेळतंय, डॉक्टर रांगेत जीभ बघून "जा" म्हणतो, आणि बोट भर समुद्रात असताना पुरळ. तोवर शेजारच्या दहा खणांतल्या पोरांना लागण झालेली. त्यांचं आणखी दोन आठवड्यांनी. साठ दिवसांत साथीच्या चार फेऱ्या आरामात होतात. लस नाही, वेगळा वॉर्ड म्हणजे त्या चिकटलेल्या खाटा. मूल गेलं की कापडात शिवून समुद्रात. आईला मागे वळून बघायला कबरही नाही. त्या फळीला हात लावून मी जरा वेळ उभी राहिले. नातू गप्प झाला, त्याला कळलं काहीतरी.

आणि इथेच माझा अर्धा तारा गेला. डॉक्टरची खोली आहे. सिस्टरची खोली कुठे आहे? त्या सातशे माणसांच्या ओकाऱ्या कोणी काढल्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर रात्रभर पट्टी कोणी बदलली, बाळंतिणीला आडोसा कोणी धरला? तिथे जुन्या पोशाखातली एक हसतमुख बाई माहिती द्यायला उभी होती, तिला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, बहुतेक बायकाच एकमेकींना बघायच्या. मला हेच उत्तर येणार माहीत होतं. नाइटिंगेलबाईंची लंडनची नर्सिंग शाळा सुरू झाली १८६० मध्ये, तेव्हा बोटीवर शिकलेली सिस्टर मिळणार कुठून? त्यामुळे हा अर्धा तारा म्युझियमचा कापलेला नाही, त्यांनी जे होतं ते दाखवलंय. जे नव्हतं त्याचा कापलाय.

बरं, पन्नास वर्षांनी तरी बदललं का? नातवाला टायटॅनिक तोंडपाठ. बसमध्ये त्याने माझा वर्ग घेतला. टायटॅनिकवर दोन डॉक्टर, म्हातारे ओ'लॉफ्लिन आणि त्यांचे मदतनीस सिम्पसन. दवाखाना, संसर्गाच्या पेशंटसाठी वेगळी सोय. दोघेही डॉक्टर बुडाले. मी विचारलं, नर्स? तो म्हणाला, "आजी, एक होती, पण ती स्टुअर्डेस होती." एव्हलिन मार्सडेन, ऑस्ट्रेलियाची, शिकलेली नर्स, पण नोकरी स्टुअर्डेसची, म्हणजे प्रवाशांची सरबराई करायची. वाचली ती. घ्या! १९१२ उजाडलं तरी नर्सच्या हातात चहाचा ट्रेच. ज्या कार्पेथिया बोटीने वाचलेल्यांना उचललं तिच्यावर तीन डॉक्टर होते, एक इंग्लिश, एक इटालियन, एक हंगेरियन. कप्तान रॉस्ट्रनने पोचायच्या आधीच इंग्लिश डॉक्टरला पहिल्या वर्गाच्या जेवणघरात, इटालियनला दुसऱ्या आणि हंगेरियनला तिसऱ्या वर्गाच्या जेवणघरात तयार बसवलं. तयारी अशी असावी, मी त्या माणसाला सलाम करते. पण अर्ध्या रात्रीतही वर्ग काही सुटला नाही बघा.

मधल्या काळात बोटींवरचे दवाखाने सुधारले ते कंपन्यांना कळवळा आला म्हणून, असं मला वाटत नाही. अमेरिकेने १८९१ मध्ये कायदा केला की आजारी माणूस आणलात तर तुमच्या खर्चाने परत न्या. १९०३ मध्ये त्यावर माणशी शंभर डॉलर दंड. खिशाला चटका बसल्यावर कंपन्या चढतानाच डोळे, केस, कातडी तपासायला लागल्या. न्यूयॉर्कला उतरल्यावर एलिस बेटावर खुपऱ्या आहेत का बघायला पापणी उलटी करायचे, बुटांची बटणं लावायच्या आकड्याने. एकामागून एक माणूस, तोच आकडा. मला लिहितानासुद्धा डोळ्यात खुपतंय.

आपल्या माणसांचं काय होतं तेही थोडं सांगते, कारण ते या म्युझियमचा विषय नाही पण माझ्या घरचा आहे. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी पुष्कळसे आमच्या रत्नागिरीकडचे आणि जेवणघरात गोव्याचे. १८९४ च्या ब्रिटिश जहाजी कायद्याप्रमाणे गोऱ्या खलाशाला झोपायला ७२ घनफूट जागा आणि आपल्या लष्कराला, म्हणजे हिंदी खलाशांना लष्कर म्हणत, ३६. बरोबर निम्मी. आमच्या गल्लीत एक चाचा होते, तरुणपणी बोटीवर गेलेले. ते सांगायचे, "पोटात दुखलं तर आधी सारंगाला, म्हणजे आमच्या मुकादमाला, सांगायचं. सारंगाला पटलं तर डॉक्टर. नाही पटलं तर ओवा."

आनंदीबाई जोशींची आठवण तर येणारच. १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि १८८६ मध्ये क्षय घेऊन बोटीनेच परत आल्या. सोबत गोपाळराव. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्याच. त्या परतीच्या बोटीवर आपल्याला काय झालंय हे त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल! रात्री खोकल्याची उबळ आली की किती रक्त पडलं हे बघून पुढचे दिवस मोजता येतात. मी अशा पेशंट बघितल्यात, शिकलेल्या. त्या काही विचारत नाहीत.

असो. आता कामाचं बोलते. तिकीट स्वस्त नाही, पण आम्ही काढलं त्यावर वर्षभर परत येता येतं, त्यामुळे लेकीची ड्युटी असताना मी आणि नातू दोनदा जाऊन आलो. तीन तास हाताशी ठेवा. माहितीचे फलक इंग्रजीत आहेत पण अक्षर मोठं. बाहेर डेकवर वारा बोचरा, जून असला तरी स्वेटर हवाच. गुडघे कुरकुरत असतील तर जिने सावकाश उतरा, बोटीचे जिने ते, आपल्या दवाखान्यासारखे रुंद नव्हेत. डेकवर एक गाय आहे, खोटी, लहान मुलांना आवडते. दुधासाठी त्या काळी खरी नेत असत. आमच्या नातवाने तिला "गोमाता" म्हणून नमस्कार केला, मला वाटतं आजीला खूश करायला.

चहा बरोबर न्या. शहरात परतताना एका कॅफेत आम्ही घेतला तो म्हणजे कोमट पाण्यात पिशवी बुचकळलेली, आणि त्याचे जे पैसे दिले त्यात रत्नागिरीत चौघांचा नाश्ता होईल. नाव लिहीत नाही, सगळीकडे तसाच मिळतो म्हणतात.

रबरी तळव्याचे बूट घाला. आणि पोट भरून जाऊ नका. तो ओकारीचा वास जिन्याच्या खालच्या वळणावर आहे, आणि तिथे मागून गर्दी आली की लवकर सुटता येत नाही.